शिकारीची गाडी : हौद्यापासून जीपपर्यंत

धागा 🧵

१/
१९४७ साल. मध्य भारतातील कोरिया हे छोटे संस्थान. आज हा मुलूख छत्तीसगडमध्ये मोडतो. संस्थानाचे अधिपती महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्रीच्या वेळी मोटारीतून जंगलातून जात असताना त्यांना एकमेकांजवळ बसलेले तीन चित्ते दिसले. तिन्ही नर होते. तिन्ही तेथेच मारले गेले. मृत चित्त्यांसह महाराजांचे छायाचित्र बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकाकडे धाडण्यात आले आणि संपादकांनी ते छापताना या कृत्याचा निषेध नोंदवला. भारतातील रानटी चित्त्याची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

२/
शिकारीच्या इतिहासात बंदुकांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. कोणती रायफल, किती बोअरची, कोणत्या कंपनीची, याची वर्णने शिकारकथांत पानोपानी सापडतात. मात्र कोरियाच्या त्या रात्री बंदुकीइतकाच निर्णायक भाग मोटारीचा आणि तिच्या दिव्यांचा होता. शिकाऱ्याने रानात जाण्यासाठी कोणते वाहन निवडावे, हा प्रश्न वरकरणी हौशी लोकांचा वाटतो. परंतु या प्रश्नाची उत्तरे काळानुसार कशी बदलत गेली, हे पाहिले की भारतीय जंगलाचा शंभर वर्षांचा इतिहास उलगडतो. हा धागा त्या उत्तरांचा आहे.

३/
आरंभ हत्तीपासून करावा लागतो. उंच गवताच्या तराई प्रदेशात हत्तीला पर्याय नव्हता. हौद्यात बसलेल्या माणसाला गवतावरून दिसे, वाघाच्या झेपेपासून तो बऱ्याच अंशी सुरक्षित राही आणि दलदल, नदी, काटेरी झुडपे यांपैकी काहीही हत्तीला अडवत नसे. १९११ च्या दिल्ली दरबारानंतर सम्राट पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेले. तेव्हा ६०० हून अधिक हत्तींचे कडे करून वाघांना घेरण्यात आले आणि काही दिवसांत ३९ वाघ व १८ गेंडे मारले गेले. हा आकडा भयंकर आहे. पण त्यामागे किती माहूत, किती चारा आणि किती महिन्यांची तयारी लागली असेल, तेही ध्यानात घ्यावे. असा बेत एखादे राज्यच आखू शके, तोही क्वचित.

४/
दख्खनच्या उघड्या माळावर वेगळे गणित होते. तेथे हत्ती दुरूनच दिसणार. काळवीट आणि माळढोक हे प्राणी चालत येणाऱ्या माणसाला पाहताच पळत. शेतावरून रोज ये-जा करणाऱ्या बैलगाडीला मात्र ते सरावलेले असत. म्हणून शिकारी बैलगाडीत बसून किंवा तिच्या आडोशाने जनावराच्या जवळ जात. पाळीव चित्त्याकडून काळविटाची शिकार करण्याची जी प्रथा होती, तीही बैलगाडीवरच उभी होती. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवून कळपाजवळ नेत आणि योग्य अंतरावर टोपी काढून त्याला सोडत.

५/
कोल्हापूर हे या प्रथेचे मोठे केंद्र. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून तेथील चित्तेखाना प्रसिद्ध होता. भारतीय चित्ता इतका दुर्मीळ झाला की पुढे कोल्हापूरला शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पाळीव चित्ता हा शिकारीचे साधन होता आणि रानटी चित्ता हा त्याचा पुरवठा. रानातून पकडलेले प्राणी बंदिवासात क्वचितच प्रजनन करीत. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच घ्यावा लागे. कोरियाची मोटार येण्यापूर्वीच चित्त्यांची संख्या फार खालावलेली होती, ती या कारणाने आणि माळरानांच्या ऱ्हासाने. मोटारीने शेवटचा घाव घातला. झाड आधीच पोखरलेले होते.

६/
हत्ती आणि बैलगाडी या दोन्ही वाहनांत एक समान मर्यादा होती : वेग. दिवसभरात जेवढे अंतर कापता येई, तेवढेच रान शिकाऱ्याच्या हाताखाली येई. पाणी, चारा, तंबू आणि माणसे यांची व्यवस्था करावी लागे. रात्री वाहन उपयोगी पडत नसे. रात्रीची शिकार करायची तर मचाणावर बसून वाट पाहावी लागे. पावसाळ्यात तर रान बंदच असे. पुष्कळ जंगले कोणत्याही कायद्याविना टिकून राहिली, ती या गैरसोयींच्या आधाराने. अंतर, अंधार, चिखल आणि खर्च हे चार पहारेकरी तेथे उभे होते. पुढच्या अर्धशतकात वाहनांनी या पहारेकऱ्यांना एकेक करून बाजूला सारले.

७/
भारतात मोटार आली तेव्हा तिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. तापलेली हवा, धूळ, खडबडीत रस्ते आणि घाट यांपुढे युरोपातील नाजूक गाड्या टिकतील का, ही शंका रास्त होती. या शंकेचे एक उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळाले. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींच्या भरवशाची चाचणी-स्पर्धा झाली. एकूण अंतर ६२० मैल, म्हणजे सुमारे १,००० किलोमीटर, आणि वाटेत सह्याद्रीतील सहा घाट. त्या स्पर्धेत 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची रोल्स-रॉइस विजयी ठरली. पुढे ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली.

८/
ही घटना केवळ मोटारवेड्यांच्या आठवणीत ठेवण्याजोगी नाही. घाट चढताना बंद न पडणारी गाडी ही राजाला मिरवणुकीपलीकडे नेऊ शकते, असा तिचा अर्थ होता. त्या काळातील रोल्स-रॉइसचे सहा सिलिंडरचे, सात लिटरहून मोठे इंजिन फार हळू फिरे आणि तरीही जोर देई. १९११ मध्ये कंपनीने लंडन ते एडिंबरा हा प्रवास एकाच, म्हणजे वरच्या गिअरमध्ये करून दाखवला. ज्या गाडीला गिअर न बदलता माणसाच्या चालीने सरकता येते आणि जिच्या इंजिनाचा आवाज फारसा ऐकू येत नाही, ती गाडी शिकाऱ्याच्या नजरेत भरणे अपरिहार्य होते.

९/
संस्थानिकांनी शिकारीसाठी रोल्स-रॉइस निवडली, ती निव्वळ श्रीमंतीचा डौल म्हणून, असे सहसा समजले जाते. डौल होताच. तरीही निवडीमागील कारणे व्यवहाराची होती. शिकारीच्या गाडीकडून चार अपेक्षा असत :
• जनावर बिथरू नये एवढी शांतता
• अतिशय मंद वेगात न गुदमरता चालणारे इंजिन
• दगड आणि चाकोऱ्यांवरून जाण्याइतकी तळाची उंची व मजबूत सांगाडा
• उन्हात पाणी उकळू न देणारा मोठा रेडिएटर
या चारही कसोट्यांवर ही गाडी उतरत होती. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात याच गाडीच्या सांगाड्यावर चिलखती मोटारी बांधल्या गेल्या होत्या, हेही तिच्या टिकाऊपणाचे प्रमाणपत्र होते.

१०/
या वर्गातील सर्वांत गाजलेले उदाहरण कोट्याचे. महाराव उम्मेदसिंह (दुसरे) यांच्यासाठी १९२५ मध्ये 'न्यू फँटम' या रोल्स-रॉइसच्या सांगाड्यावर बार्कर या लंडनच्या कारखान्याने शिकारीची उघडी गाडी बांधली. बंदुका ठेवण्याची सोय आणि प्रखर शोधदिवे ही तिची वैशिष्ट्ये. २०११ मध्ये ती लिलावात आली, तेव्हा तिच्यासोबतची छोटी तोफ आणि मशीनगन यांचीच चर्चा अधिक झाली. वस्तुतः तिचा खरा शस्त्रसंभार दिव्यांचा होता. कोट्याच्या दरा जंगलात शेकडो वर्षे शिकार झाली. कोटा शैलीच्या चित्रांत ती शिकार अजरामरही झाली. त्या चित्रांतील राजे झाडीत लपून वाट पाहताना दिसतात. शोधदिव्याने वाट पाहण्याची गरजच कमी केली.

११/
दिव्याचा परिणाम समजून घेण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल. वाघ, बिबट्या, चित्ता, हरिण अशा अनेक प्राण्यांच्या डोळ्यांत मागील बाजूस परावर्तक थर असतो. अंधुक प्रकाशाचा दुहेरी उपयोग व्हावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. मोटारीचा प्रखर झोत पडताच हेच डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि जनावराचा ठावठिकाणा दुरून कळतो. शिवाय झोताने दिपलेला प्राणी कित्येकदा जागीच थबकतो. झोतामागचा माणूस त्याला दिसत नाही. रात्रीच्या अंधारात जगण्यासाठी लाखो वर्षांत घडलेला अवयव एका बॅटरीसमोर प्राण्याचाच घात करू लागला. अंधार हा पहिला पहारेकरी येथे पडला.

१२/
तथापि १९२० च्या दशकात रोल्स-रॉइस बाळगणारे किती? शे-दोनशे संस्थानिकांच्या हौसेने एवढा देश ओस पडला नसता. खरा बदल स्वस्त गाडीने घडवला. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये बाजारात आली. वजनाने हलकी, तळाने उंच, रचनेने इतकी साधी की गावचा लोहारही तिच्या किरकोळ दुरुस्त्या करू शके. १९२६ मध्ये फोर्डची भारतीय कंपनी स्थापन झाली. १९२८ पासून जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. आता मोटार ही जमीनदार, वकील, कंत्राटदार, लष्करी आणि मुलकी अधिकारी यांच्याही आवाक्यात आली.

१३/
याच काळात वन खात्याने इमारती लाकूड बाहेर काढण्यासाठी रस्ते केले होते, वणवे रोखण्यासाठी जाळरेषा आखल्या होत्या. लाकडासाठी केलेले रस्ते शिकाऱ्याच्या मोटारीला आयतेच मिळाले. पूर्वी चार दिवसांची मजल असलेले रान आता शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परत येण्याजोगे झाले. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी भारतातील वन्यजीव छायाचित्रणाचे आद्य पुरुष मानले जातात. जनावराच्या पायाचा धक्का लागून कॅमेरा चालू होईल, अशी यंत्रणा वापरून त्यांनी वाघांची रात्रीची छायाचित्रे मिळवली. वाढते बंदूक परवाने आणि रानात शिरणाऱ्या मोटारी यांविषयी इशारा देणाऱ्यांत ते अग्रणी होते.

१४/
ही चिंता केवळ भारतापुरती नव्हती. पूर्व आफ्रिकेत सेरेंगेटीच्या मैदानात मोटारीत बसून सिंह मारण्याची टूम निघाली. सिंहाला मोटारीचे भय नसे. ती त्याच्या परिचयातील शत्रू नव्हती. त्यामुळे अगदी जवळ जाऊन गोळी घालता येई. डेनिस फिंच हॅटन हे स्वतः नामांकित शिकारी आणि शिकारमोहिमांचे मार्गदर्शक. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लंडनच्या 'द टाइम्स'मधून या प्रकाराविरुद्ध लिहिले. शिकाऱ्यांमध्येच आता दोन तट पडू लागले. माग काढणे, वारा ओळखणे, पायी जाणे आणि जनावराला निसटण्याची संधी देणे ही एका तटाची शिकार; दुसऱ्या तटाला केवळ कातडे आणि छायाचित्र हवे होते.

१५/
मोटारीला तरी रस्ता लागे. किमान गाडीवाट हवी, ओढा ओलांडायला फरशी हवी, पावसाळ्यात वाट कोरडी होईपर्यंत धीर हवा. चिखल हा पहारेकरी अजून उभा होता. त्याला हटवणारे वाहन शिकारीसाठी घडवलेलेच नव्हते. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीसाठी प्रस्ताव मागवले. बँटम या लहान कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पहिला नमुना सादर केला. त्यात सुधारणा होत विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात सुमारे साडेसहा लाख गाड्या तयार केल्या. जग तिला जीप म्हणून ओळखते.

१६/
जीपचे गुण थोडक्यात असे :
• वजन जेमतेम ११०० किलो. अडकली तर चार माणसे ढकलू शकत
• चारही चाकांना इंजिनाची ताकद. शिवाय चढ आणि चिखलासाठी मंदगतीचे वेगळे गिअर
• दोन्ही धुऱ्यांमध्ये सुमारे दोन मीटर अंतर. म्हणून दाट झाडीतही वळणारी
• २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे दणकट इंजिन
• दारे नाहीत, वरचे कापड काढता येते आणि समोरची काच बॉनेटवर आडवी करता येते
हा शेवटचा गुण सैनिकाला समोर गोळीबार करता यावा म्हणून उपयुक्त होता. शिकाऱ्याला आणखी काय हवे? कोट्याच्या महारावांनी खास बांधून घेतलेल्या गाडीत जे होते, त्यांतील बहुतेक सारे आता कारखान्यातूनच तयार होऊन येत होते.

१७/
दुसऱ्या महायुद्धात भारत हा ब्रह्मदेश आघाडीचा तळ होता. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा गाड्या नागरी हातांत आल्या. पाठोपाठ देशी उत्पादनाची वाट मोकळी झाली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने, जी पुढे महिंद्र अँड महिंद्र झाली, १९४७ मध्ये विलीजकडून सुट्या भागांच्या रूपात पहिल्या ७५ गाड्या आणवल्या. मुंबईत माझगावला जीपची जुळणी होऊ लागली. शेती, पाटबंधारे, पोलीस, सर्वेक्षण, निवडणुका अशा शेकडो कामांत जीपने नव्या देशाची सेवा केली. ती नसती तर धरणे आणि रस्ते कितीतरी मंद गतीने झाले असते. हेही तिच्या चरित्रातील सत्य आहे.

१८/
त्याच चरित्राची दुसरी बाजू माळरानांनी सोसली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत काळवीट, चिंकारा आणि माळढोक यांची संख्या झपाट्याने घटली. पिकांच्या रक्षणासाठी बंदुकांचे परवाने सैल झाले होते, संस्थानांची राखीव शिकाररानेही राखणीवाचून पडली होती आणि माळावर जीपला रस्त्याची गरजच नव्हती. काळवीट वाऱ्याच्या वेगाने पळते, पण ते काही अंतरापर्यंतच. इंजिनाला दम लागत नाही. बैलगाडीला सरावलेला माळढोक सुरुवातीला जीपलाही फारसा बुजत नसे. त्याची ती जुनी समजूत त्याला महागात पडली. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले, तोवर महाराष्ट्राच्या बहुतांश माळांवरून हा पक्षी दिसेनासा झाला होता.

१९/
वाघांच्या रानात जीपने आणखी एक गोष्ट सोपी केली : धंदा. १९५० आणि ६० च्या दशकांत परदेशी पाहुण्यांना वाघाची हमी देणाऱ्या शिकार कंपन्या भारतात चालत. ठरावीक दिवसांत वाघ मिळवून द्यायचा तर विश्रामगृह, आमिषाची जागा, मचाण आणि स्थानक यांना जोडणारे भरवशाचे वाहन लागे. बंद न पडणारी गाडी ही आता सोय राहिली नव्हती; ती कराराची अट झाली होती. खर्च हा चौथा पहारेकरी येथे उलटला. पूर्वी शिकारीचा खर्च माणसाला रोखत असे; आता त्या खर्चातूनच नफा निघू लागला.

२०/
कायद्याने हे सारे पाहिले, पण उशिरा. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. १९५२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर वन्यजीव मंडळ स्थापन झाले. १९६९ च्या अखेरीस दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची महासभा भरली, त्यानंतर १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत भारतात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी नऊ राखीव क्षेत्रांसह व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्या नवांत महाराष्ट्रातील मेळघाट होते.

२१/
१९७२ च्या कायद्याचे मूळ कलम १७ या धाग्याच्या दृष्टीने विशेष वाचनीय आहे. चाकाच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करणे आणि मोटारीने जनावरांना पिटाळणे या दोन्ही गोष्टींना त्याने मनाई केली. त्या वेळी परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करता येत असे. तरीही वाहन मात्र वर्ज्य ठरले. बंदूक परवान्याने चालेल, गाडी चालणार नाही, असा हा निर्णय होता. शस्त्रापेक्षा वाहनाने समतोल अधिक बिघडवला, याची ती कायद्याच्या भाषेतील कबुली होती. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच कायद्यातून गेली आणि त्यामुळे या कलमाचीही गरज उरली नाही.

२२/
मग शिकारीच्या गाडीचे काय झाले? ती रानातून गेली नाही. तिचे काम बदलले. १९८५ च्या अखेरीस मारुतीने 'जिप्सी' आणली. हलकी, पेट्रोलवर चालणारी म्हणून तुलनेने शांत, चारही चाकांना ताकद देणारी, वरून उघडी करता येणारी. ताडोबा, पेंच, कान्हा, रणथंबोर येथे पर्यटकांना वाघ दाखवणारी गाडी म्हणून दोन पिढ्यांनी तिला ओळखले. गस्तीवरील वनरक्षकांनीही तीच वापरली. कसोट्या पाहाव्यात तर जवळजवळ त्याच : शांतता, मंद चाल, उंच तळ, भरवसा. एकच कसोटी गळली, ती शोधदिव्याची. आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, जसा चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकातच आणून दाखवला होता.

२३/
अर्थात वाहन कॅमेऱ्याने निर्दोष होते, असे नाही. एका वाघाभोवती दहा-पंधरा गाड्या जमतात, तेव्हा त्याची वाट अडते, पिल्ले बिथरतात आणि सावजही पळते. म्हणूनच व्याघ्र प्रकल्पांत गाड्यांची संख्या, वेळ, मार्ग आणि वेग ठरवून दिलेले असतात आणि रात्री रान बंद असते. हे नियम पर्यटकाला जाचक वाटतात. परंतु नीट पाहिले तर ते नवीन नाहीत. अंतर, अंधार, चिखल आणि खर्च हे जुने पहारेकरी यंत्रांनी हटवले. त्यांच्या जागी माणसाने लिहून उभे केलेले हे पहारेकरी आहेत. फरक इतकाच की जुने झोपत नसत आणि लाच घेत नसत. नव्यांना जागे ठेवावे लागते.

२४/
शेवटी पुन्हा चित्ता. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडण्यात आले. कुनोचा प्रदेश एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानात होता. मुंबई-कोल्हापूरची स्पर्धा जिंकणारी 'पर्ल ऑफ द ईस्ट' ज्या राजाने विकत घेतली, त्याच्याच राज्याचे हे रान. आज तेथे चित्त्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे आहेत आणि त्यांचा माग काढणारी पथके चारचाकी वाहनांतून दिवसरात्र त्यांच्यामागे असतात. रानात भरवशाची गाडी हवी, ही गरज १९०८ इतकीच आजही खरी आहे. चित्त्यामागे गाडी तेव्हाही होती आणि आताही आहे. त्या गाडीतून कोण उतरतो आणि त्याच्या हातात काय असते, यावर पुढचा इतिहास ठरणार आहे.

(धागा समाप्त)